आठ लूम लावले तरी तागा एकच: कॅडसाठी कॉम्प्युटर घेण्याआधी

(या भागातलं बोलणं लिहून काढलं आहे. वाचायला सोपं जावं म्हणून मध्ये मथळे घातलेत, बाकी बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)

मी बोलतोय वळ गावातून, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे. गाव माहीत नसेल तर एक खूण सांगतो. ऑनलाईन काही मागवलं की पार्सल कुठे पोचलं ते तुम्ही मोबाईलवर बघता, आणि मध्येच एका ओळीत 'भिवंडी' दिसतं. ते भिवंडी म्हणजे बऱ्याच वेळा शहर नसतं, आजूबाजूची आमची गावं असतात. वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, कशेळी, दापोडा, मानकोली. जकातीच्या काळात व्यापाऱ्यांनी मुंबईच्या हद्दीबाहेर माल ठेवायला सुरुवात केली, म्हणून इथे गाळे उभे राहिले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोडाऊन गेली नाहीत. उलट आणखी मोठी झाली.

आता हे गोडाऊन उभं राहायच्या आधी कुणीतरी ते कागदावर उभं करतं. कॉलम कुठे, राफ्टर केवढा, पर्लिन किती अंतरावर, फाउंडेशन बोल्ट कुठल्या जागी, ट्रक लागायचा डॉक किती उंच. ते ड्रॉईंग काढणारा मी एक माणूस. आज काम दाखवणार नाही, कामाच्या मशीनबद्दल बोलणार आहे. कारण महिन्यातून दोन-तीनदा कुणीतरी पोरगा किंवा पोरगी विचारतेच: "दादा, ऑटोकॅड शिकतोय, कुठला लॅपटॉप घेऊ? दुकानदार म्हणतो सोळा कोअर घे, ग्राफिक्स कार्ड मोठं घे, सगळं उडेल एकदम."

उडतं का? थोडं उडतं, बरंचसं उडत नाही. आणि ईएमआय मात्र दर महिन्याला उडतो! म्हणून आजचा भाग नीट ऐका. एकच सांगायचंय: कॉम्प्युटर घेण्याआधी तुमचं काम नेमकं कुठे अडतं ते बघा. ते बघायला पैसे लागत नाहीत.

आधी खिशातला फोन

तुमच्या हातातल्या फोनच्या खोक्यावर 'ऑक्टा कोअर' लिहिलेलं असेल. ऑक्टा म्हणजे आठ. प्रोसेसरच्या आत काम करणारे आठ जण. पण हे आठ सारखे नसतात बरं का. काही दणकट, जोरात पळणारे, जास्त बॅटरी खाणारे. काही सावकाश, पण कमी बॅटरीत काम भागवणारे. एआरएम कंपनीने ही मोठ्या-लहान कोअरची जोडी २०११ मध्ये आणली. गेम खेळताना दणकट कोअर जागे होतात, आणि फोन खिशात असताना मेसेज आला का ते बघण्याचं काम लहान कोअर करतात.

हाच प्रकार इंटेलने २०२१ मध्ये बाराव्या पिढीच्या प्रोसेसरपासून लॅपटॉप-डेस्कटॉपमध्ये आणला. म्हणजे दुकानात कुणी 'चौदा कोअर' म्हणालं तर पहिला प्रश्न विचारायचा: त्यातले दणकट किती? एका लॅपटॉपात चौदापैकी सहा दणकट असतील, दुसऱ्यात कमी. नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही.

पण त्याहून मोठा प्रश्न पुढे आहे. समजा आठही कोअर दणकट आहेत. तुमचं सॉफ्टवेअर त्या आठांना कामाला लावतं का?

लूमचं गणित

भिवंडीच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे, कारण इथे लूम सगळ्यांनी पाहिलाय. लूमवर ताणा उभा असतो आणि बाण्याचा धागा धोट्याबरोबर आडवा जातो. एक फेरी गेली, ठोकली गेली, मग दुसरी. शंभरावी फेरी नव्याण्णवावीच्या आधी टाकता येत नाही. कापड असंच, एकावर एक चढत जातं.

आता कारखान्यात आठ लूम आहेत. आठ लूमवर एका दिवसात आठ तागे निघतील. बरोबर. पण मला तातडीने एकच तागा हवाय, तर आठ लूम लावून तो आठपट लवकर निघेल का? नाही निघणार. एका लूमवर चढवलेला तागा त्या लूमच्याच वेगाने निघणार. बाकीचे सात बंद राहतील किंवा दुसऱ्याचं काम करतील. मला घाई असेल तर मला जास्त लूम नकोत, एकच पण वेगवान लूम पाहिजे.

कॉम्प्युटरवाल्यांनीही शब्द तोच उचललाय. प्रोग्रॅममधल्या कामाच्या एका सलग ओळीला ते 'थ्रेड' म्हणतात. थ्रेड म्हणजे धागा! सगळं काम एकाच धाग्यात चालत असेल तर त्याला 'सिंगल थ्रेडेड' म्हणतात. आणि कॅडचं रोजचं बरंचसं काम अजूनही एकाच धाग्यात चालतं.

का चालतं? एक साधी बेस प्लेट घ्या. कॉलमच्या खाली बसते ती. थ्रीडीमध्ये ती काढताना मी आधी प्लेट काढली. मग तिला चार भोकं पाडली. मग भोकांच्या कडा घासल्या. आता क्लायंट म्हणाला, प्लेट वीसऐवजी पंचवीस एमएम करा. सॉफ्टवेअर काय करतं? पहिल्या पायरीवर जातं, प्लेट जाड करतं, मग नव्या प्लेटला परत भोकं पाडतं, मग त्या नव्या भोकांच्या कडा शोधून परत घासतं. भोक पडायच्या आधी त्याची कड कशी घासणार? सॉलिडवर्क्स असो, इन्व्हेंटर असो, फुकटातलं फ्रीकॅड असो, या पायऱ्या एकामागून एकच होतात. सोळा कोअर असले तरी एक राबतो आणि पंधरा बघत बसतात.

दुसरं कारण इतिहासात आहे. ऑटोकॅड पहिल्यांदा बाजारात आलं डिसेंबर १९८२ मध्ये. घरगुती कॉम्प्युटरमध्ये दोन कोअरचे प्रोसेसर आले २००५ च्या सुमारास. म्हणजे वीस-बावीस वर्षं हे सॉफ्टवेअर एकाच कोअरसाठी लिहिलं गेलं. त्यावर हजारो कमांड, लोकांनी लिहिलेले लिस्प, जुन्या फायली. हे सगळं चालू ठेवून आतला पाया बदलायचा म्हणजे भाडेकरू आत असताना इमारतीचे कॉलम बदलण्यासारखं आहे.

मग एवढे कोअर आले कशाला?

चांगला प्रश्न. २००४ पर्यंत प्रोसेसरचा वेग दरवर्षी वाढत होता. इंटेलचा पेंटियम ४ त्या वर्षी ३.८ गिगाहर्ट्झला पोचला, आणि तिथेच गाडी अडली. वेग वाढवला की उष्णता एवढी वाढायची की थंड करणं परवडेना. मग कंपन्यांनी ठरवलं, एकाला अजून पळवता येत नाही तर दोन घालू, चार घालू. कोअरची गर्दी झाली ती अशी.

अनेक प्रोसेसर जोडून काम करण्याची कल्पना मात्र जुनी आहे, आणि तिचा एक मोठा धडा आपल्या पुण्यातला आहे. अमेरिकेकडून हवा तसा सुपरकॉम्प्युटर मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. डॉ. विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यात एकच महाकाय प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडले होते, ६४ पर्यंत. पण नुसते जोडून भागत नव्हतं. हवामानासारखा प्रश्न तुकड्यांत वाटायचा, प्रत्येक तुकडा एकाला द्यायचा, शेजाऱ्याशी आकडे बदलायचे, असा प्रोग्रॅम लिहावा लागायचा. काम वाटता येईल असं असलं आणि ते वाटून लिहिलेलं असलं, तरच जास्त प्रोसेसरचा फायदा. १९९१ लाही हेच खरं होतं आणि तुमच्या लॅपटॉपमध्येही हेच खरं आहे.

याचं गणित जीन ॲमडाल नावाच्या इंजिनिअरने १९६७ मध्येच मांडलंय. सोप्या भाषेत ऐका. एक काम दहा मिनिटांचं आहे. त्यातली पाच मिनिटं वाटता येत नाहीत, पाच मिनिटं वाटता येतात. आठ कोअर लावले. वाटता येणारी पाच मिनिटं आठांत गेली, म्हणजे साधारण ३८ सेकंद. वाटता न येणारी पाच मिनिटं तशीच राहिली. एकूण पाच मिनिटं ३८ सेकंद. कोअर आठपट, वेग दुप्पटही नाही! आणि कोअर शंभर केले, हजार केले, तरी पाच मिनिटांच्या खाली तुम्ही कधीच जाणार नाही.

ऑटोकॅड नेमकं काय वापरतं

ऑटोकॅडमध्ये 'व्हिपथ्रेड' नावाचं एक सिस्टीम व्हेरिएबल आहे. कमांड लाईनवर टाईप करून बघा. किंमत ३ दिसली तर ड्रॉईंग नव्याने मोजणं आणि स्क्रीनवर पुन्हा काढणं, या दोन्ही कामांत ते एकापेक्षा जास्त कोअर वापरायला तयार आहे. मूळ सेटिंग ३ च असतं. कुणी ० केलं असेल तर परत ३ करा. पण हे फक्त रीजन, झूम, पॅन अशा गोष्टींपुरतं. तुम्ही हॅच टाकता, ट्रिम करता, ब्लॉक फोडता, फाईल उघडता, तेव्हा बहुतेक भार एकाच कोअरवर असतो.

थ्रीडी दाखवण्याच्या बाबतीत सुधारणा झाली आहे. ऑटोकॅड २०२३ मध्ये नवी ग्राफिक्स प्रणाली आली, ती शेडेड थ्रीडी फिरवताना ग्राफिक्स कार्ड आणि अनेक कोअर दोन्ही वापरते. स्केचअपनेही २०२४ च्या आवृत्तीत ग्राफिक्सचं इंजिन बदललं, पण त्यात मॉडेलिंगचं गणित अजून एका कोअरवरच चालतं.

आणि काही कामं अशी आहेत की तिथे सगळे कोअर खरोखर घाम गाळतात. रेंडरिंग, म्हणजे मॉडेलचा फोटोसारखा चकचकीत फोटो काढणं. तिथे फोटोचा प्रत्येक चौकोनी तुकडा वेगळा करता येतो, म्हणून व्ही-रे, आर्नॉल्ड किंवा ब्लेंडरचं सायकल्स सोळाच्या सोळा कोअर वापरतात. दुसरं, सिम्युलेशन. ॲनसिससारखी सॉफ्टवेअर वस्तूचे लाखो छोटे तुकडे करून ताण मोजतात, तिथे कोअर कामाला येतात. लूमच्या भाषेत, इथे आठ तागे आठ लूमवर आहेत.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे ताणी

आता जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसर. लूमच्या आधीची पायरी आठवा. ताणी करताना स्टँडवर शेकडो बॉबिन लावतात आणि शेकडो धागे एकाच वेळी, एकाच दिशेने, एकाच वेगाने बीमवर गुंडाळले जातात. कुठलाही धागा डोकं लावत नाही. सगळे तेच करतात, पण एकदम करतात. जीपीयू अगदी हेच करतो. त्याच्यात हजारो छोटे छोटे गणक असतात. स्क्रीनवरच्या लाखो ठिपक्यांना रंग द्यायचा, तेच गणित, फक्त आकडे वेगळे, तर जीपीयूसारखा कुणी नाही.

आणि आता गंमत ऐका. एनव्हिडियाच्या कार्डात बत्तीस धाग्यांचा एक गट एकत्र चालतो, त्या गटाचं अधिकृत नाव आहे 'वॉर्प'. वॉर्प म्हणजे ताणा! कंपनीच्या कागदपत्रांतही लिहिलंय की हा शब्द विणकामातून घेतलाय. म्हणजे जगातल्या एवढ्या महागड्या चिपला जे नाव दिलंय, ते काम इथल्या कारखान्यांत रोज चालतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा जाम भारी वाटलं.

पण ताणी करणारं मशीन कापड विणत नाही. तसंच ग्राफिक्स कार्ड तुमचं मॉडेल बनवत नाही, बनलेलं मॉडेल दाखवतं. प्लेटला भोक पाडायचं गणित प्रोसेसरचं, भोक पडलेली प्लेट गरगर फिरवून दाखवायचं काम कार्डाचं. मॉडेलिंगचं गणित कार्डावर का टाकत नाहीत? एक तर त्यात 'असं असेल तर हे, नाहीतर ते' असे फाटे फार असतात, आणि हजारो जणांनी एकच गोष्ट करायची तिथे फाटे चालत नाहीत. दुसरं म्हणजे अचूकता. शंभर मीटर लांब शेडमध्ये बोल्टचं भोक अर्ध्या एमएमने चुकून चालत नाही, त्यासाठी जास्त दशांशांचं गणित लागतं. अलीकडच्या बऱ्याच जीफोर्स कार्डांत असल्या गणिताचा वेग साध्या गणिताच्या बत्तिसाव्या किंवा चौसष्टाव्या हिश्शाएवढाच असतो. ती गेमसाठी बनवलीत, त्यात त्यांचा दोष नाही.

म्हणून टूडी प्लॅन काढणाऱ्याला मोठं कार्ड घेऊन फारसा फरक दिसत नाही. साधं कार्ड, कधी कधी प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरतं. मात्र लुमियन, एन्स्केप, ट्विनमोशन यांत वॉकथ्रू बनवायचा असेल तर कार्डच राजा. तिथे कार्डाची मेमरी किती आहे तेही बघा, कारण सीन त्यात मावला पाहिजे.

एक युक्ती लिहून ठेवा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधलं आणि एक वेगळं कार्ड. कधी कधी विंडोज बॅटरी वाचवायला कॅडला प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच चालवतं. कार्डाचे पैसे भरलेले, आणि कार्ड झोपलेलं! विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टीम, मग डिस्प्ले, मग ग्राफिक्समध्ये जा, तुमचं सॉफ्टवेअर निवडा आणि 'हाय परफॉर्मन्स' करा. ऑटोकॅडमध्ये 'ग्राफिक्सकॉन्फिग' कमांड देऊन हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू आहे का, तेही तपासा. दोन मिनिटांचं काम आहे.

एका पोराची गोष्ट

आमच्या आळीतला एक पोरगा आहे, आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल केलेला. वडील टेम्पो चालवतात. मामाने दिलेल्या जुन्या डेस्कटॉपवर काम करायचा आणि मशीन रडत रडत चालायचं. एका दुकानातून तो कोटेशन घेऊन आला, सोळा कोअर, मोठं कार्ड, दोन वर्षांचा ईएमआय. आई म्हणाली, आधी दादाला विचार.

मी म्हटलं, कोटेशन बाजूला ठेव, तुझी रोजची फाईल उघड. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्सवर गेलो. त्याच्या मशीनमध्ये आठ लॉजिकल प्रोसेसर होते. ऑटोकॅडमध्ये मोठा हॅच टाकला, मशीन अडकलं, आणि प्रोसेसरचा आकडा होता बारा-तेरा टक्के. तो म्हणाला, "प्रोसेसर तर रिकामा आहे की!" रिकामा नव्हता. शंभराला आठने भागा, साडेबारा येतात. एक कोअर पूर्ण भरला होता आणि बाकीचे बसले होते. सोळा धाग्यांच्या मशीनवर तोच आकडा सहा टक्के दिसला असता, आणि हॅचला तेवढाच वेळ लागला असता. विंडोज ते काम या कोअरवरून त्या कोअरवर फिरवत असतं, म्हणून वेगवेगळे आलेख बघून गोंधळू नका, एकूण आकडा बघा.

मग मेमरीचा आलेख बघितला. आठ जीबी जवळजवळ भरलेली. ऑटोकॅड उघडं, ब्राउझरमध्ये वीस टॅब, व्हॉट्सॲप वेब, तीन पीडीएफ. आणि डिस्क जुनी, फिरणारी. म्हणजे खरं अडत होतं ते इथे. रॅम सोळा जीबी केली, एसएसडी टाकली. मग फाईल साफ केली. 'पर्ज' मारून न वापरलेले ब्लॉक आणि लेअर काढले, 'ओव्हरकिल'ने एकावर एक पडलेल्या रेषा काढल्या, 'ऑडिट' केलं. दुसऱ्या कुणाच्या फाईलमधून कॉपी केलेला कचरा असतो ना, तो या फायलींत वर्षानुवर्षं साठतो. मशीन नवीन झाल्यासारखं चालायला लागलं आणि ईएमआय टळला.

पण गोष्ट इथे संपत नाही. सहा-आठ महिन्यांनी त्याला गाळ्यांच्या थ्रीडी वॉकथ्रूचं काम मिळालं. तेव्हा त्याने परत टास्क मॅनेजर उघडला. आता जीपीयूचा आलेख माथ्याला टेकलेला आणि प्रोसेसर निवांत. तेव्हा मीच म्हटलं, आता घे कार्ड. कामाच्या पैशातून घेतलं. खर्च तोच, पण आता तो कामाने मागितला होता.

जिथे काटकसर करायची नाही

आता जरा गंभीर बोलतो. २९ एप्रिल २०२३ ला आमच्या भागातल्या वळपाड्यात वर्धमान कंपाऊंडमधली इमारत कोसळली. खाली गोडाऊन, वर राहणारी कुटुंबं. आठ जणांचा जीव गेला. ती का पडली, यावर मी इथे बसून बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण आम्ही जे काम करतो त्याचं वजन त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून जात नाही. आपण काढलेल्या रेषेखाली माणूस उभा राहतो.

शेडचं स्ट्रक्चर मोजायला स्टाडसारखं सॉफ्टवेअर वापरतात. वाऱ्याच्या भारासाठी आयएस ८७५ चा तिसरा भाग, स्टीलसाठी आयएस ८००, भूकंपासाठी आयएस १८९३. वारा या बाजूने, वारा त्या बाजूने, वर माल, छतावर माणूस, अशा भारांच्या कितीतरी जोड्या तपासाव्या लागतात. साध्या शेडचं हे गणित आजच्या मधल्या मशीनवरही पटकन होतं. म्हणजे मशीन हळू आहे म्हणून कुणी जोड्या कमी घेतल्या, असं चालणार नाही. आणि मशीन वेगवान आहे म्हणून उत्तर बरोबर येतं असंही नाही. मजल्यावर माल किती ठेवणार, हा आकडा तुम्ही चुकीचा टाकला तर सोळा कोअर ते चुकीचं उत्तर फक्त लवकर देतील.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की मशीनवर वाचलेला पैसा आणि वेळ दोन्ही तपासणीत घाला. प्रिंट काढा, लाल पेन घ्या, दुसऱ्याला दाखवा. साईटवर जाऊन बोल्टची जागा टेपने मोजा. आणि स्ट्रक्चर लायक इंजिनिअरच्या सहीशिवाय पुढे जाऊ देऊ नका, मालक कितीही घाई करू दे.

तर घ्यायचं काय?

तीन प्रकार सांगतो, आपापला ओळखा.

तुम्ही शिकताय, किंवा टूडी प्लॅन काढता. मग कोअर मोजू नका. एका कोअरचा वेग चांगला असलेला प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, एसएसडी, आणि डोळ्यांना त्रास न देणारा मोठा मॉनिटर. कार्ड साधं चालेल. सॉफ्टवेअरचंही ऐका: पात्र विद्यार्थ्यांना ऑटोडेस्कचं शैक्षणिक लायसन्स फुकट मिळतं, लिब्रेकॅड सगळ्यांनाच फुकट आहे, आणि फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, तीही फुकट.

तुम्ही पार्ट आणि असेंब्लीचं थ्रीडी मॉडेलिंग करता. मग पहिला पैसा एका कोअरच्या वेगाला, दुसरा रॅमला, बत्तीस जीबीपर्यंत जा. कार्ड मधलं. कंपनीत मोठ्या असेंब्ली असतील तर सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रमाणित कार्डांची यादी बघून घ्या, त्यांचे ड्रायव्हर तपासलेले असतात.

तुम्ही रेंडर, वॉकथ्रू किंवा सिम्युलेशन करता, आणि रोज करता. मग खुशाल कोअर घ्या, कार्ड घ्या. तिथे पैसा वसूल होतो. फक्त तुमचं रेंडर इंजिन प्रोसेसरवर चालतं की कार्डावर, हे आधी विचारा. दोन्हीवर पैसे घालून एक झोपवून ठेवू नका.

आणि सगळ्यांसाठी एक. मे महिन्यात पत्र्याखालच्या ऑफिसात पातळ लॅपटॉप ठेवला तर तो गरम होऊन स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. कागदावर लिहिलेले गिगाहर्ट्झ तेव्हा मिळत नाहीत. घरी एका जागी बसून काम असेल तर त्याच पैशात डेस्कटॉप जास्त देतो, आणि उद्या रॅम-कार्ड बदलता येतं.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. तुमचं सगळ्यात रडणारं काम चालू करा, टास्क मॅनेजर उघडा आणि चार आकडे लिहून घ्या: प्रोसेसर, मेमरी, डिस्क, जीपीयू. चारपैकी कोण माथ्याला टेकलंय ते बघा. प्रोसेसर कमी दिसला तर शंभराला लॉजिकल प्रोसेसरच्या संख्येने भागून बघा, एकच धागा भरलाय का ते कळेल. ते चार आकडे आणि तुम्ही काय काम करता, एवढं आम्हाला पाठवा. पुढच्या भागात त्यातले काही घेऊन बोलू. घरात कुणी लॅपटॉपचा ईएमआय सुरू करायच्या बेतात असेल तर त्यांना हा भाग आधी ऐकवा.

चला, भेटू. काळजी घ्या, आणि फाईल सेव्ह करायला विसरू नका!